फुगलेनेसचा खांब

शिलालेख आपण पुराव्यासाठी वाचतो. कोणता राजा, कोणतं शक, कुणी कुणाला काय दिलं, एवढं हाती लागलं की अभ्यासक खूश आणि वाचक मोकळा. कुणाचं नाव आधी आलं, कुणाचं शेवटी, कुणाचं आलंच नाही आणि वाक्य नेमकं कुठे थांबलं, असं कवितेसारखं त्या मजकुराकडे सहसा कुणी पाहत नाही. उत्तर नॉर्वेतल्या हॅमरफेस्ट या बंदरात एक दगडी खांब आहे. त्याच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल आहे आणि अंगावर लॅटिन व नॉर्वेजियन भाषांत एक मजकूर कोरलेला आहे. खांब मी छायाचित्रांतूनच पाहिला, मजकूर मात्र पुन्हा पुन्हा वाचला. एका शहराचं जगाच्या टोकाशी काय नातं असू शकतं, याबद्दल इतकं नेमकं आणि इतक्या थोडक्यात लिहिलेलं माझ्या वाचनात दुसरं नाही.

त्याआधी गावाबद्दल. हॅमरफेस्ट क्वालेया नावाच्या बेटावर वसलं आहे. वस्ती आठएक हजारांची. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत इथे सूर्य मावळत नाही आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उगवत नाही. तरीही बंदर गोठत नाही, कारण अटलांटिकमधला उबदार प्रवाह थेट इथवर पोहोचतो. गावाचं सगळं नशीब या न गोठणाऱ्या पाण्यात आहे. १७८९ मध्ये शहराचा दर्जा मिळाला तो याच बंदरामुळे. इथून सुकवलेले आणि खारवलेले मासे जात, रशियाच्या पांढऱ्या समुद्राकडून पीठ येई, आणि आर्क्टिकमध्ये शिकारीला जाणारी जहाजं इथेच साज चढवून पुढे निघत.

अशा गावाला ‘जगातलं सर्वांत उत्तरेचं शहर’ ही पदवी न मिळती तरच नवल. हॅमरफेस्टने ती दीडदोनशे वर्षं मिरवली. पण या पदवीत एक खोट आहे. ती अक्षांशावर जितकी अवलंबून आहे तितकीच ‘शहर’ कशाला म्हणायचं यावर. १९९६ मध्ये शेजारच्या होनिंग्सव्होगने, जेमतेम अडीच हजारांच्या गावाने, स्वतःला शहर म्हणवून घेतलं, आणि ते हॅमरफेस्टच्या उत्तरेला आहे. पुढच्याच वर्षी नॉर्वेने कायदा केला की शहर म्हणवायचं तर पाच हजार वस्ती हवी. पण होनिंग्सव्होग त्याआधीच दारातून आत शिरलं होतं. अलास्कातलं उत्किआग्विक दोघांच्याही उत्तरेला आहे, आणि स्वालबार्डमधलं लाँगइयरब्येन तर आणखी कितीतरी वर. प्रत्येकाला पदवीतून बाहेर ठेवायला वेगळं कारण शोधावं लागतं. जवळच्या नॉर्थ केपचीही तीच गत. युरोपचं उत्तर टोक म्हणून पर्यटकांच्या बसगाड्या तिथे जातात, पण त्याच बेटावरची क्निव्स्येलोदन हे ठेंगणं भूशिर त्याहून थोडं पुढे घुसलेलं आहे. शिवाय ते बेट आहे, मुख्य भूमी नाहीच. मुख्य भूमीचं टोक आणखी तिसरीकडे. टोकाचा मान असा असतो. जरा बोट लावलं की सरकतो.

गावाला हे कळतं, आणि तो मान ते हसतखेळत वापरतंही. हॅमरफेस्टच्या मानचिन्हावर पांढरं ध्रुवीय अस्वल आहे. गावात अस्वलं नाहीत. ती उत्तरेकडच्या बेटांवर, जिथे इथले शिकारी जात. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉयल अँड एन्शंट पोलर बेअर सोसायटी’चा सभासद व्हायचं तर एकच अट आहे, स्वतः हॅमरफेस्टला यायचं. टपालाने सभासदत्व नाही. एवढ्या लांब आल्याचा पुरावा म्हणजे तुम्ही स्वतः. पर्यटनाची ही युक्ती मला आवडते, कारण तिच्यात खोटेपणा नाही; गाव स्वतःवरच जरा हसतं आहे.

फुगलेनेसच्या खांबाचा स्वर याच्या अगदी उलटा आहे. फुगलेनेस ही गावाच्या खाडीपलीकडची जमिनीची चिंचोळी जीभ. खांबावरच्या मजकुराचा आशय असा: आर्क्टिक महासागरापासून डॅन्यूब नदीपर्यंत नॉर्वे, स्वीडन आणि रशिया या देशांतून गेलेल्या, रेखावृत्ताच्या २५ अंश २० मिनिटं लांबीच्या चापाचं हे उत्तर टोक; महामहिम राजे पहिले ऑस्कर आणि सम्राट पहिले अलेक्झांडर व पहिले निकोलस यांच्या आज्ञेने आणि आश्रयाने, १८१६ ते १८५२ अशा अखंड श्रमाने, तीन राष्ट्रांच्या मोजणीदारांनी हा चाप मोजला. आणि त्याखाली: अक्षांश ७० अंश ४० मिनिटं ११.३ सेकंद.

पहिलीच गोष्ट पाहा. मजकूर ‘उत्तर टोक’ म्हणतो, पण जगाचं नाही, युरोपचंही नाही. चापाचं टोक. नॉर्थ केप इथून आणखी अर्धा अंश उत्तरेला आहे, आणि मोजणीदारांना ते ठाऊक होतंच. तरी त्यांनी आपली रेघ इथे थांबवली आणि त्या जागेला टोक म्हटलं. ही नम्रता आहे का? मला वाटतं, याला नम्रतेपेक्षा हिशेबीपणा म्हणावं. मोजणाऱ्याचं टोक म्हणजे जमीन संपते ती जागा नव्हे. शेवटची खूण पक्की रोवता येते ती जागा. ‘सर्वांत उत्तरेचं शहर’ ही पदवी कुणी पुढे गेलं की पडते. हे टोक पडत नाही, कारण ते कुणाशी स्पर्धाच करत नाही.

मग एवढी लांब रेघ काढायची कशाला? अठराव्या शतकात वाद होता की पृथ्वी संत्र्यासारखी ध्रुवांकडे चपटी आहे की लिंबासारखी ध्रुवांकडे निमुळती. न्यूटन संत्र्याच्या बाजूचे, पॅरिसचे कासिनी लिंबाच्या. निकाल लावायचा एकच मार्ग होता. उत्तर-दक्षिण रेषेवरचा एक अंश दूरदूरच्या दोन ठिकाणी प्रत्यक्ष मोजायचा आणि कुठला लांब भरतो ते पाहायचं. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असेल तर तिथला बाक कमी, म्हणजे एका अंशासाठी जास्त चालावं लागणार. १७३६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मोपेर्त्वी लॅपलँडमधल्या टोर्ने नदीच्या खोऱ्यात गेले आणि त्याच सुमारास दुसरी फ्रेंच तुकडी विषुववृत्ताजवळ आजच्या इक्वाडोरमध्ये पोहोचली. संत्रं जिंकलं. पण किती चपटं, हे नेमकं ठरवायला एक-एक अंश पुरेना. लांबलचक, सलग चाप हवे होते.

असा एक चाप एस्टोनियातल्या दोर्पात वेधशाळेचे फ्रीड्रिख गेओर्ग विल्हेल्म स्ट्रूव्ह यांनी मोजायला घेतला. दक्षिणेकडच्या भागात रशियन सैन्यातले कार्ल टेनर होते, स्वीडनमध्ये निल्स सेलांडर, नॉर्वेत क्रिस्तोफर हान्स्टेन. एक छोटी आधाररेषा जमिनीवर काटेकोर मोजायची, मग डोंगरमाथ्यांवरून फक्त कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. अशा २५८ मुख्य त्रिकोणांची आणि २६५ मुख्य ठाण्यांची साखळी डॅन्यूबच्या काठापासून हॅमरफेस्टपर्यंत आली. लांबी सुमारे २८२० किलोमीटर, पृथ्वीच्या परिघाच्या चौदाव्या हिश्शाइतकी. या साखळीच्या दक्षिण टोकाशी एका अंशाला जेवढं अंतर आहे, त्याहून हॅमरफेस्टपाशी साधारण चारशे ते साडेचारशे मीटर जास्त आहे. एवढासा फरक पकडायला चाळीसएक वर्षं लागली. मधल्या अंशांवरून पृथ्वीचा आकार कळत नाही. तिचा बाक टोकांशी उघडा पडतो. या एका कामासाठी हॅमरफेस्टचं दूर असणं ही गावाची अडचण उरत नाही. जगाला ते तितकं दूरच हवं होतं.

आता खांबावरचा गोल. माथ्यावरची पृथ्वी साफ वाटोळी दिसते. जिचं चपटेपण मोजण्यात या लोकांची आयुष्यं गेली, तिची प्रतिमा बिनचपटी! आधी मला ही शिल्पकाराची चूक वाटली असती तर नवल नव्हतं, पण हिशेब करून पाहावा. चपटेपण तीनशेत एक भाग. दोन फुटी गोल केला तर फरक जेमतेम दोन मिलिमीटर. डोळ्याला तो दिसणारच नाही. म्हणजे गोल बरोबर आहे, आणि डोळ्याला न दिसणारी गोष्ट शोधण्याचं हे स्मारक आहे. शिल्पाला जे दाखवता येत नाही ते खालच्या आकड्यांनी सांगावं लागतं. म्हणून मजकुराच्या शेवटी आलेला तो अक्षांश मला या साऱ्या लेखाचा गाभा वाटतो. सेकंदाचा दहावा भाग म्हणजे जमिनीवर तीनेक मीटर. राजांच्या बिरुदांनी फुगलेलं वाक्य तीन मीटरांच्या नेमकेपणावर येऊन थांबतं. आजच्या नोंदींत या ठिकाणाचा अक्षांश ७० अंश ४० मिनिटं १२ सेकंद असा देतात. दगड बराच खरा निघाला.

बिरुदांचा विषय निघालाच आहे तर आपल्या किनाऱ्यावरच्या अक्षीच्या शिलालेखाची आठवण होते. तिथे शिलाहार राजा स्वतःला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवतो. टोकाशी राजांचं नातं मालकीचं असतं. समुद्र दिसला की तो आपला. फुगलेनेसच्या मजकुरातही राजे आहेत, एक नव्हे तीन, आणि तेच नावानिशी आहेत. मोजणीदारांना नाव नाही. स्ट्रूव्हचंही नाही. ‘तीन राष्ट्रांचे मोजणीदार’ एवढंच, तेही वाक्याच्या शेवटाकडे. पण त्या वाक्याची रचना पाहा: राजे आज्ञा देतात, आश्रय देतात, आणि मोजतात मात्र मोजणीदार. समुद्र आणि नदी ही रेघेची दोन टोकं; ती कुणाच्या मालकीची असं मजकूर म्हणत नाही. कोणता देश किती अंश, याचीही वाटणी नाही. तीन देश ही त्या रेघेने ओलांडलेली नुसती जागा आहे. सम्राटांच्या आश्रयाखाली लिहिलेल्या मजकुरात सरहद्दींना इतकं कमी महत्त्व देणं ही छोटी गोष्ट नाही.

खांब उभा राहिला १८५४ मध्ये. क्रिमियाचं युद्ध पेटलेलं होतं. खांबावर ज्याचं नाव सन्मानाने कोरलं आहे तो रशियाचा सम्राट पहिला निकोलस ब्रिटन आणि फ्रान्सशी लढत होता. त्याच सुमारास नॉर्वे-स्वीडनच्या दरबारात चिंता होती ती याच किनाऱ्याची: रशियाला हिवाळ्यात न गोठणारं बंदर हवं आहे आणि त्याची नजर फिनमार्कवर, म्हणजे हॅमरफेस्टच्याच प्रांतावर आहे. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्कर राजाने रशियाविरुद्ध ब्रिटन आणि फ्रान्सशी संरक्षणाचा करार केला. दगडात जे तिघे एका वाक्यात नांदत होते त्यांचे दोन दरबार कागदावर एकमेकांना घाबरत होते. खांबाच्या वाक्यात मात्र या भीतीचा मागमूसही नाही. राजकारणाला मजकुराबाहेर ठेवण्याचं हे कसब मला एखाद्या जुन्या मुत्सद्द्याच्या पत्रासारखं वाटतं.

फुगलेनेसचा भूतकाळही काही शांत नव्हता. १८०९ मध्ये नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिश युद्धनौकांनी हॅमरफेस्टवर हल्ला केला होता. त्यानंतर चौदा वर्षांनी, १८२३ मध्ये, एक ब्रिटिश जहाज पुन्हा आलं. या वेळी त्यावर एडवर्ड सेबाईन हे शास्त्रज्ञ होते आणि त्यांच्याकडे लोलक होता. ध्रुवाकडे जावं तसं गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं, लोलक जरा जलद हलतो, आणि त्या फरकावरूनही पृथ्वीच्या चपटेपणाचा अंदाज येतो. म्हणजे खांब येण्याच्या तीस वर्षं आधीच हे गाव पृथ्वी मोजण्याच्या कामी लागलं होतं. तोफांच्या जागी लोलक आला, लोलकाच्या मागून कोन मोजणारी यंत्रं आली.

१८२३ हे साल मराठी वाचकाला आणखी एका कारणाने थांबवतं. त्या वर्षीच्या २० जानेवारीला वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन वारले. हैदराबादहून नागपूरकडे निघाले होते, वाटेतच गेले. तिथेच त्यांची समाधी आहे. लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजून हिंदुस्थानातला चाप सुरू केला. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजणारं यंत्र, खांद्यांवरून, गाड्यांतून ओढत ते उत्तरेकडे सरकत राहिले. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी तो चाप मसुरीपर्यंत नेला. हिंदुस्थानचा चाप विषुववृत्ताजवळचा, स्ट्रूव्हचा ध्रुवाकडचा. दोहोंपैकी एकट्या कुठल्याही चापाला पृथ्वीचा आकार नेमका सांगता येत नव्हता. एक मोठा अंश हवा, एक छोटा. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर क्लार्क यांनी १८६६ मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे काढले, ज्यांवर पुढे अमेरिकेचे नकाशे आधारले गेले, त्यात हे दोन्ही चाप होते. त्या हिशेबात हिंगणघाटची समाधी आणि हॅमरफेस्टचा खांब एकाच कामाच्या दोन जागा ठरतात.

फरक एवढाच की हिंगणघाटला नाव आहे आणि रेघ नाही; हॅमरफेस्टला रेघ आहे आणि नाव नाही. शिवाय दोन्हीकडे एक नाव नाहीच: ओझी वाहणाऱ्यांचं. दक्षिणेच्या जंगलांत निशाणं धरून उभे राहिलेले, तापाने गेलेले. उत्तरेत फिनमार्कच्या पठारावर, आज सामी लोकांचं केंद्र मानल्या जाणाऱ्या कौतोकेनोच्या परिसरात, डोंगरमाथ्यांवर सामान चढवणारे. ‘अखंड श्रम’ हे शब्द दगडावर आहेत, पण श्रम कुणाचे, तर मोजणीदारांचे. इथे माझा मजकुराशी वाद आहे. तीन राजांना जागा देऊन झाल्यावर आणखी अर्धी ओळ सापडली असती.

हॅमरफेस्टचं टोकाशी तिसरंही एक नातं आहे, टोकावरून परत येणाऱ्यांचं. १८९५ मध्ये ध्रुवसंशोधक फ्रिट्योफ नान्सेन आणि ह्यालमार योहान्सेन ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत, तोवर कुणी गेलं नव्हतं इतकं उत्तरेला पोहोचले. वर्षभराने ते वार्दोला परतले, आणि तिथून हॅमरफेस्टला. नान्सेनची पत्नी एव्हा त्याला इथे भेटली, आणि आपलं ‘फ्राम’ जहाज सुखरूप परतल्याची तारही त्याला इथेच मिळाली. दूर गेलेला माणूस सापडला हे जगाला कळवायला तारघर लागतं, आणि त्या मार्गावर ते असं एखाद्या बंदरातच असायचं. या प्रसंगावर खांब नाही. असता तर मी तोही वाचला असता, पण तो बहुधा पहिल्याइतका चांगला नसता. वीरांच्या स्मारकांना आकडे देण्याची सवय नसते.

दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने १९४४-४५ च्या हिवाळ्यात सगळं हॅमरफेस्ट जाळलं. लोकांना आधीच हाकलून दिलं होतं. एक लहानसं दफनभूमीचं प्रार्थनामंदिर तेवढं उरलं. आजचं गाव त्यानंतरचं, काँक्रीटचं. शेजारच्या मेल्केया बेटावर २००७ पासून समुद्रातल्या वायूचा द्रवरूप गॅस बनतो. गावाने स्वतःच्या पुनर्बांधणीचं संग्रहालयही काढलं आहे. गाव मुळापासून नवं झालं, तरी फुगलेनेसच्या मजकुरातल्या अक्षांशात एक आकडाही बदलावा लागला नाही.

२००५ मध्ये युनेस्कोने या चापाची ३४ ठाणी जागतिक वारशात घेतली. त्यातली चार नॉर्वेत आहेत. मजकुरातले तीन देश आता दहा झाले: नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया, एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया, बेलारूस, मोल्दोव्हा आणि युक्रेन. वारशाच्या यादीत चापाला नाव मिळालं ते स्ट्रूव्हचं. राजांची नावं तिथे कुणी घेत नाही. दीडशे वर्षांनी मजकुराची दुरुस्ती झाली म्हणायची, निदान अर्धी.

रेघेचं दुसरं टोक युक्रेनमध्ये, डॅन्यूबवरच्या इझमाईल बंदराजवळच्या स्तारा नेक्रासिव्हका या खेड्यात आहे. तिथेही स्मारक आहे. २०२३ मध्ये रशियाच्या ड्रोननी इझमाईलच्या धान्यगोदीवर हल्ले केले. रेघ मध्ये रशियाच्या गोगलांद बेटावरून जाते, तिथलीही ठाणी यादीत आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठाण्याठाण्याने जायचं ठरवलं तर आज ते जमणार नाही. एकोणिसाव्या शतकात तीन राष्ट्रांच्या मोजणीदारांना मिळून ते जमलं होतं, राजा-सम्राटांच्या आश्रयाने का होईना.